एका दाण्याचा माग

अफलाटॉक्सिनची तपासणी पाहायला कोणी आलं की आम्ही त्याला आधी यंत्रापाशी नेतो. द्रव क्रोमॅटोग्राफीचं ते यंत्र महाग असतं, पडद्यावर रेघ सरकत असते, आणि किलोभर दाण्यांत एक मायक्रोग्रॅम विष असलं तरी ते हुडकून काढतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पाहणारा थक्क होतो, आणि व्हावं असंच ते आहे. पण बुरशीच्या विषांवर काम करण्यात माझी निम्मी हयात गेली, त्यात यंत्राने मला फारसं छळलं नाही. यंत्र बिघडलं तर लगेच समजतं; प्रमाण द्रावण सोडलं की खरं-खोटं उघड होतं. मला छळलं ते त्याच्या कितीतरी आधीच्या प्रश्नाने. गोदामातल्या थप्पीतून हे दाणे कोणी काढले, कुठून काढले आणि किती काढले?

आमटीत मीठ किती आहे हे पाहायला एक चमचा पुरतो, कारण मीठ सगळीकडे सारखं विरघळलेलं असतं. भातात खडा आहे की नाही हे मात्र एका घासावरून सांगता येत नाही. शेंगदाण्यातलं अफलाटॉक्सिन भातातल्या खड्यासारखं असतं. पोत्यातले बहुतेक सगळे दाणे निर्मळ असतात. हजारोंत एखादा असा निघतो, की ज्याची शेंग जमिनीत असतानाच किडीने पोखरलेली असते किंवा काढणीच्या वेळी तडकलेली असते, आणि त्या फटीतून ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी आत शिरलेली असते. त्या एका दाण्यात विष किती असावं? १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी एकेक दाणा सुटा तपासला, तेव्हा काहींत किलोमागे १० लाख मायक्रोग्रॅमच्याही वर प्रमाण सापडलं.

विद्यार्थ्यांना मी हा हिशोब फळ्यावर मांडून दाखवते. दाण्याचं वजन अर्धा ग्रॅम धरा. मग त्या एका दाण्यात ५०० मायक्रोग्रॅम विष झालं. तो दाणा १० किलो स्वच्छ दाण्यांत टाका. १० किलो म्हणजे साधारण २० हजार दाणे. सरासरी येते किलोमागे ५० मायक्रोग्रॅम. थेट खाण्याच्या दाण्यांसाठी आपल्याकडची मर्यादा १० आहे, युरोपातली ४. म्हणजे २० हजारांतल्या एका दाण्याने अख्खा नमुना बाद केला. आणि तो दाणा नमुन्यात आलाच नाही तर अहवालावर ‘आढळले नाही’ असं छापून येतं, सही-शिक्क्यासकट. दोन्ही अहवाल खरे असतात. ज्या दाण्यांचे ते असतात, त्यांच्यापुरते खरे.

या विषाची ओळखच जनावरांच्या मरणातून झाली. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखाहून अधिक पिल्लं काही महिन्यांत मेली. रोग कोणता ते उमजेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ म्हणू लागले. माग काढत काढत संशोधक खाद्यापर्यंत पोचले. ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड त्या खाद्यात होती आणि त्या पेंडीत बुरशीचं विष होतं. वेगळं काढल्यावर अतिनील प्रकाशात त्याचे ठिपके चमकले, काही निळे, काही हिरवे. त्यावरून बी आणि जी अशी त्याच्या प्रकारांची नावं पडली. यातलं बी-वन सगळ्यांत घातक. यकृतात त्याचं जे रूप तयार होतं ते डीएनएला चिकटतं. माणसात कर्करोग घडवतात हे पक्कं ठरलेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफलाटॉक्सिनला घातलं आहे, आणि ज्याला हिपॅटायटिस बी झालेला आहे त्याला तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. सुरुवात पेंडीपासून झाली हे मी मुद्दाम सांगते आहे. माझा स्वतःचा प्रवासही शेवटी पेंडीपाशीच पोचला.

पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मी नवी मुंबईतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत लागले, ती निर्यातीच्या मालाच्या तपासणीसाठी. गोदामात जाऊन नमुना घेणं हे नव्या माणसाचं काम असे. युरोपला जाणाऱ्या मोठ्या खेपेचा नियम असा होता, की शंभर वेगवेगळ्या जागांहून सुमारे २०० ग्रॅम दाणे घ्यायचे आणि २० किलोचा एकत्र नमुना करायचा. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात थप्पी छताला भिडलेली असते, मागची बाजू भिंतीला टेकलेली असते, आणि आतल्या पोत्यापर्यंत पोचायचं तर पुढची सगळी पोती उतरवावी लागतात. ती उतरवायची हमाली कोण देणार? कंटेनर उद्या बंदरावर लागायचा असतो. व्यापारी समोरच्या चार पोत्यांना परखी मारून देतो आणि म्हणतो, सगळा माल एकाच गावचा आहे, कुठूनही घ्या, सारखाच. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार पोकळ नळी. तिच्यातून मूठ-दीड मूठ दाणे घरंगळत येतात, तेही पोत्याच्या कडेचे.

थप्पी फोडल्याशिवाय मी नमुना घेणार नाही म्हटल्यावर पुष्कळ वाद व्हायचे. पण त्या वादांतूनच माझी हमालांशी ओळख झाली, आणि नमुना कसा घ्यावा हे मी पुस्तकाइतकंच त्यांच्याकडून शिकले. एका मुकादमाने मला सांगितलं, “मॅडम, पाठीवर घेतल्याबरोबर कळतं कुठलं पोतं ओलं हाय ते. वजन काट्यावर सारखं भरतंय, पण ओलं पोतं अंगावर बसतंय.” भिंतीकडेची पोती, पत्रा गळतो त्याखालची पोती, फरशीला लागून असलेली तळाची पोती, हे सगळं त्याच्या डोक्यात असे. नमुना निवडीचा नियम म्हणतो की सगळ्या जागांना सारखी संधी मिळाली पाहिजे, आणि तो बरोबर आहे. अंतिम अहवालासाठी मी तोच पाळत आले. मात्र त्याच्या जोडीने संशयित पोत्यांचा एक वेगळा नमुना घ्यायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली. बुरशी दाण्यात शेतातच शिरते, पण तिला फोफावायला ओल लागते, आणि ती ओल कुठे होती हे उचलणाऱ्याला ठाऊक असतं.

शेतातलं कारण उलटं असतं, हे मात्र ध्यानात घ्यायला हवं. काढणीच्या आधीच्या चार-सहा आठवड्यांत पावसाने ताण दिला, जमीन तापली, की भुईमुगाच्या शेंगेची स्वतःची प्रतिकारशक्ती मंदावते आणि बुरशीला वाट मिळते. म्हणजे आधी कोरड नडते, मग ओल नडते. शेंग उपटल्यावर ती चांगली वाळली, दाण्यातली ओल सात-आठ टक्क्यांवर आली, तर पुढचं संकट टळतं. पण बाजारात नेण्याआधी शेंगांवर पाणी मारायची पद्धत कितीतरी ठिकाणी आहे. टरफल मऊ झालं की फोडताना दाणा कमी तुटतो आणि वजनही थोडं वाढतं. पाणी मारणाऱ्यांशी मी बोलले आहे. त्यात कोणाला विष कालवायचं नसतं. तुटक्या दाण्याला भाव मिळत नाही, एवढंच त्यांना माहीत असतं.

आमच्याकडून सुटलेली एखादी खेप युरोपात बाद झाल्याचा निरोप यायचा, तेव्हा व्यापाऱ्याचा पहिला फोन यंत्राबद्दल असायचा. ‘तुमचं यंत्र तपासून घ्या.’ मी त्यांना तोच वीस हजार दाण्यांचा हिशोब सांगायचे. काहींना तो पटायचा, काहींना नाही. ज्यांचा लाखोंचा माल परदेशी बंदरावर अडकला आहे त्यांना सरासरी आणि विचलन समजावून सांगणं कठीण असतं, आणि त्यांचा राग मला कधी गैर वाटला नाही. शेंगदाण्याच्या तपासणीत एकूण अनिश्चिततेचा मोठा हिस्सा नमुना घेण्यातून येतो, त्यानंतर दळण्यातून, आणि सगळ्यांत लहान हिस्सा यंत्रातून, हे अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांनी दशकांपूर्वी दाखवून दिलं आहे. तरी निविदा निघतात त्या यंत्रांच्या. मोठ्या दळणयंत्रासाठी पैसे मागितले की समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो.

दळणाबद्दल सांगितलंच पाहिजे. २० किलो दाणे आले, त्यातले ५० ग्रॅम उचलले आणि तपासले, असं केलं तर गोदामात घाम गाळून जे कमावलं ते टेबलावर घालवलं. म्हणून सगळा नमुना दळायचा. शेंगदाण्याला तेल सुटतं, त्याचा गोळा होतो, पातं अडकतं. पाणी घालून त्याची पातळ लापशी केली की विष सगळीकडे सारखं पसरतं. त्या खोलीत यंत्राचा असा आवाज असतो की खुणांनी बोलावं लागतं. नाकावर मास्क, हातात मोजे, कारण कोरड्या दाण्यांची धूळही श्वासात जायला नको. मग त्या लापशीचा थोडा भाग मिथेनॉल-पाण्यात ढवळायचा, गाळायचा आणि प्रतिपिंडं बसवलेल्या एका लहानशा नळीतून थेंब थेंब सोडायचा. अफलाटॉक्सिन त्या प्रतिपिंडांना धरून राहतं, बाकीचं वाहून जातं. ही नळी घाईने चालवली तर विष निसटतं, म्हणून मी नव्या मुलामुलींना तिथे बसवून नुसतं थेंबांकडे पाहायला लावते. पुढे यंत्रात अफलाटॉक्सिनचे चार प्रकार ठरल्या क्रमाने बाहेर पडतात: जी-टू, जी-वन, बी-टू आणि सगळ्यांत शेवटी बी-वन. दहा-बारा मिनिटांचा खेळ. पहिल्या तीन जागा सपाट गेल्या तरी चौथ्या जागेशिवाय हुश्श करता येत नाही. वापरलेली सगळी काचेची भांडी सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून ठेवल्याशिवाय त्या खोलीतून कोणी घरी जात नाही.

याच कामात मला निवडणाऱ्या बाया भेटल्या. कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात पट्ट्यावरून सोललेले दाणे सरकत जायचे आणि दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असायच्या. डागाळलेला, पिवळट-तपकिरी पडलेला, सुरकुतलेला, चिरलेला दाणा त्या उचलायच्या. पट्टा थांबत नसे. एका मावशींच्या शेजारी बसून मी त्यांचा हात पाहत राहिले. त्या बोलत असायच्या माझ्याशी, नजर कधी कधी माझ्याकडे असायची, आणि हात नेमका वाईट दाण्यावर पडायचा. मी विचारलं, “मावशी, कसा कळतो?” त्या म्हणाल्या, “डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतंय बघा. आतनं पोकळ असला की हलका लागतोय ह्यो दाना.” बुरशीने पोखरलेला दाणा खरोखरच हलका असतो. पाण्यात टाकल्यावर तरंगणाऱ्या दाण्यांत विषाचं प्रमाण जास्त असतं, हे संशोधनातही नोंदलेलं आहे.

त्या दिवशी निवडून काढलेले दाणे आणि पट्ट्यावरून पुढे गेलेले दाणे मी वेगवेगळे मागून आणले. वजनाने निवडलेला ढीग अगदी क्षुल्लक होता. तपासलं तेव्हा जवळजवळ सगळं विष त्या क्षुल्लक ढिगात होतं. आता कॅमेऱ्याची छाननी यंत्रं आली आहेत, वाऱ्याच्या झोताने ती रंग बदललेला दाणा उडवतात, आणि ती चांगली आहेत. पण त्या बायांनी आणि त्या यंत्रांनी मला जे दाखवलं त्याने माझा या विषाकडे बघण्याचा रोख बदलला. इतकी वर्षं मी त्याच्या विखुरलेपणावर चरफडत होते, कारण त्यामुळे ते सापडत नाही. त्याच विखुरलेपणामुळे ते काढून टाकता येतं. विष एका दाण्यात कोंडलेलं आहे तोवर दोन बोटांत धरून ते बाहेर ठेवता येतं. एकदा ते दळलं गेलं, की शोधणं सोपं होतं आणि काढणं अशक्य.

म्हणून मी मावशींना पुढचा प्रश्न विचारला, की हे काढलेले दाणे जातात कुठे. “घाण्याला,” त्या म्हणाल्या. हे उत्तर मला ठाऊक असायला हवं असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी मान वर केली नाही.

घाण्यात गेलेल्या दाण्यांतलं विष तेलात फार थोडं उतरतं, आणि तेल रिफाइंड केलं तर उरलेलंही निघून जातं. बाकीचं सगळं पेंडीत राहतं. पेंड गाईम्हशींना जाते. दुसरी वाट स्वयंपाकघराची. हलक्या भावाचे, तुटके, काळपट दाणे भाजून त्यांचं कूट होतं, चिक्की होते, लाल तिखटाची चटणी होते. भाजल्याने विष काही प्रमाणात कमी होतं, जात नाही. रंग मात्र असा बदलतो की डाग ओळखू येत नाही. आपल्याकडे उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीत, भाजीत, कोशिंबिरीत, दाण्याची आमटी करून, किती कूट पोटात जातं! मी तयार कूट विकत घेत नाही. दाणे आणते, ताटात पसरून निवडते, मग भाजते. माझी आई हेच करायची आणि खवट दाणा तोंडात आला तर थुंकून टाक म्हणायची. ही सवय अंधश्रद्धा म्हणून सोडावी अशी नाही, विज्ञानाने धरून ठेवावी अशी आहे.

निर्यातीचं काम मी मन लावून केलं. पण युरोपातल्या मुलांच्या वाट्याला निवडलेले दाणे आणि आपल्या मुलांच्या वाट्याला निवडून उरलेले, ही वाटणी मला सोसेना. त्याच सुमारास मी १९७४ सालच्या घटनेवरचं जुनं संशोधन पुन्हा वाचायला काढलं. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल, लागून असलेले आदिवासी जिल्हे. त्या वर्षी पीक उभं असताना अवकाळी पाऊस लागला, मका भिजला, साठवलेल्या कणसांवर बुरशी चढली. लोक तोच मका खात राहिले. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. ३९७ जण आजारी पडले, त्यातले १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संशोधक त्या गावांत गेले. घरातली कुत्रीही तशाच लक्षणांनी मेल्याचं त्यांनी नोंदवलं, कारण ती त्याच घरातली मक्याची भाकरी खात होती. काही घरांतल्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम विष निघालं. मर्यादा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, हे मिलिग्रॅम आहेत. १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध छापून आला. केनियात २००४ मध्ये मक्यातूनच पुन्हा हेच घडलं, ३१७ रुग्ण, १२५ मृत्यू. बुरशी त्या घरांतल्या लोकांना दिसत नव्हती असं कोणी समजू नये. कोठीत दुसरं धान्य नव्हतं.

एकाच वेळी इतकी माणसं मरतात तेव्हा शोध लागतो. रोज थोडं थोडं पोटात गेलं तर वर्षानुवर्षांनी यकृतावर जे होतं त्याची बातमी होत नाही. म्हणून मी पेंडीमागोमाग दुधाकडे वळले.

गाईने बी-वन असलेलं खाद्य खाल्लं की तिच्या यकृतात त्याचं एम-वन होतं आणि ते एका दिवसाच्या आत दुधात उतरतं. खाल्लेल्यापैकी साधारण एक ते सहा टक्के. उकळून ते जात नाही. दही लावलं, ताक घुसळलं, तरी आहेच. दुधातल्या केसीनला ते धरून राहतं, त्यामुळे पनीर आणि चीजमध्ये दाटून येतं; लोणी-तुपात त्यामानाने कमी. भारतात दुधाची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे, युरोपात त्याचा दहावा भाग. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने घेतले, तेव्हा ५.७ टक्के नमुन्यांत एम-वन मर्यादेबाहेर होतं. लोक दुधात युरिया आणि साबण शोधत होते, आणि त्या पाहणीत भेसळीपेक्षा हे विष कितीतरी अधिक ठिकाणी निघालं. ते कोणी मिसळलेलं नव्हतं. ते गाईच्या अंगातून आलं होतं. आणि ते थांबतंही गाईपाशीच: खाद्य बदललं की तीन-चार दिवसांत एम-वन दुधातून जवळजवळ नाहीसं होतं. माझ्या सगळ्या अभ्यासातली ही सगळ्यांत दिलासा देणारी गोष्ट आहे.

आम्ही एका दूध संघाच्या संकलन केंद्रांवर काम सुरू केलं. पहाटे डबे येतात, फॅट लागतं, आणि त्याच वेळी आम्ही प्रत्येकाकडून थोडं दूध घ्यायचो. इथे नमुन्याचा प्रश्नच नव्हता. दूध आमटीतल्या मिठाच्या जातीचं, चमचाभर पुरतं. ज्यांच्या दुधात एम-वन जास्त निघालं त्यांच्या गोठ्यांवर जायचं. गोठ्यात सरकीच्या नाहीतर शेंगदाण्याच्या पेंडीचं पोतं, शेजारी मक्याचा भरडा, दोन्ही थेट जमिनीवर, भिंतीला टेकून. जून-जुलैत त्या भिंती पाझरतात. पोत्याच्या तळात हात घातला की गरम वाफ लागते आणि भाकरीच्या जुन्या डब्यासारखा कुबट वास येतो. प्रयोगशाळेत ती पेंड एका खास माध्यमावर लावली की ताटलीच्या पाठीमागे झळझळीत नारिंगी रंग उठतो. ॲस्परजिलस फ्लेव्हसची ती खूण. अर्थात ही बुरशी दिसली म्हणजे विष असेलच असं नाही, तिच्या काही जाती विष तयारच करत नाहीत. अमेरिकेत आणि आफ्रिकेत अशा निर्विष जाती शेतात सोडून विषारी जातींची जागा व्यापतात. आणि बुरशी मेली, दिसेनाशी झाली, तरी विष मागे राहू शकतं. म्हणून डोळ्यांवर विसंबून पेंडीबद्दल बोलता येत नाही.

एका शेतकऱ्याच्या गोठ्यात तीन गाई होत्या. त्यांच्या दुधातलं प्रमाण आम्ही त्यांना दाखवलं, पेंडीतलंही दाखवलं, आणि ती पेंड बंद करा असं सांगितलं. त्यांनी ऐकलं. चौथ्या दिवशीचं दूध मर्यादेच्या खूप खाली आलं. ते दाखवायला मी गेले तेव्हा त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्यांकडे बोट केलं. “ताई, दूध सुधारलं हे बरंच झालं. पण दीड पोतं शिल्लक आहे. दुधाच्या बिलातून त्याचे पैसे कापून गेलेत. आता हे मी टाकू कुठं?”

मी तोवर या प्रश्नाचा विचार लेखातल्या एका ओळीसारखा केला होता: दूषित खाद्य वापरातून काढावं. शेणखतात टाकलं तर बुरशीचे बीजाणू शेतात जातात. शेजाऱ्याला विकलं तर विष शेजाऱ्याच्या दुधात. अमोनियाची प्रक्रिया करून पेंड निर्विष करता येते, काही देशांत ती करतात, पण ती दीड पोत्यासाठी गोठ्यात करायची गोष्ट नव्हे. बेंटोनाइटसारखी माती खाद्यात मिसळली तर ती गाईच्या पोटात विषाला धरून ठेवते, एम-वन कमी होतं. तो उपाय थोड्या दूषित खाद्याला चालतो, या पोत्याला चालला नसता. आम्हाला प्रयोगशाळेत पडताळणीसाठी निसर्गतः दूषित झालेली पेंड लागतच असते. ती पोती मी संशोधन निधीतून बाजारभावाने विकत घेतली. पुढच्या आठवड्यात त्याच गावचे आणखी काही जण आपापली पोती घेऊन संकलन केंद्रावर आले. तेवढी पेंड आम्हाला नको होती, आणि निधीही नव्हता.

या सगळ्यात दोष गोठ्यातल्या माणसाचा नाही, असं माझं ठाम मत आहे. जमिनीवर फळ्या टाका, पोतं भिंतीपासून दूर ठेवा, पावसाळ्यात महिन्याची पेंड एकदम भरू नका, हे आम्ही सांगतो आणि ते करतात. पण पेंड त्यांच्या दारात येते तेव्हाच कित्येकदा विष तिच्यात असतं. आणि इथे माझ्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अनायासे हाती येतं. दाण्यात विखुरलेलं विष पेंडीत आल्यावर बरंचसं मिसळून गेलेलं असतं. शंभर जागांचा, वीस किलोंचा खटाटोप इथे लागत नाही. ट्रकमधल्या काही पोत्यांतून घेतलेला नमुना त्या ट्रकबद्दल बरंच विश्वासाने सांगू शकतो, आणि प्रतिपिंडांच्या पट्टीवर त्याचा अंदाज ट्रक दारात उभा असतानाच येतो. भारतीय मानक ब्युरोच्या मानकात गुरांच्या मिश्र खाद्यासाठी बी-वनची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहेच.

म्हणून संघाच्या बैठकीत मी लेखी मागणी ठेवली आहे. सुटी पेंडही त्याच मर्यादेत मोजावी, ट्रकमागे एक नमुना संघाने घ्यावा, वीसच्या वर गेला तर माल पुरवठादाराने परत न्यावा, आणि ज्यांच्या गोठ्यांत अशी पोती आधीच पडून आहेत त्यांचे कापलेले पैसे बिलात जमा व्हावेत. पहिल्या तीन मुद्द्यांना संचालकांची हरकत नाही. चौथ्यावर अडलं आहे. पुढची बैठक दिवाळीनंतर आहे, आणि त्या गावचे शेतकरी या वेळी माझ्याबरोबर येणार आहेत.